कोंडीआत्याचा अंगठा

वांगणी, संस्थान जव्हार
वैशाख वद्य ७, शके १८३५

चिरंजीव वामन यास,

रघूचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, तुझ्या प्रकृतीचं वरचेवर कळवीत जावं. हे लिहून झाल्यावर ध्यानात आलं की इकडे ठीक काहीच नाही आणि ते तुलाही ठाऊक आहे. पण कारकुनी करून हाताला वळण पडलं आहे, ते आधी असंच लिहितं.

तुझं कार्ड जव्हारच्या पोस्टात आठ दिवस पडून होतं, परवा मिळालं. त्यावर 'कळले' एवढंच लिहिलेलं. मी कार्ड उलटंही करून पाहिलं.

तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पेरणीसाठी राब भाजून झाला, तुझ्या वहिनीने, काशीने, एकटीनेच केला. पाड्याची विहीर यंदा होळीलाच आटली. बायका नाल्यातल्या झिऱ्यावर जातात, वाटी वाटीने हंडा भरतात. घराचा मागचा कूड कलला होता, त्याला मी नवी मेढ दिली. मी आता इथेच असतो. शेठची वखार सोडली.

आत्या, तुझी आई, पटकीने गेली एवढंच मी तुला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्यात सगळं आलं नव्हतं. तू पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात बसून आपल्या आईविषयी काय समजून आहेस ते मला ठाऊक आहे, कारण तिला आलेलं तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. म्हणून आता पहिल्यापासून लिहितो. मधेच फाडू नकोस.

उताऱ्याचा माळ तुला आठवत असेल. तू सहा वर्षांचा आणि मी दहाचा असताना आत्याने आपल्याला गाडीत बसवून समुद्रावर नेलं होतं. घाट उतरून तिसऱ्या दिवशी उंडीची झाडं दिसली आणि तू पाण्याला भिऊन गाडीखाली जाऊन बसलास. आपली माणसं नाचणी, मध, डिंक, बांबूच्या टोपल्या घेऊन उतरायची आणि मीठ, सुकट, बोंबील घेऊन वर यायची. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ती गोड्या पाण्याची विहीर. एका अंगाला कोळ्यांची मासळी वाळायची, दुसऱ्या अंगाला आपल्या गाड्या सुटायच्या. तो माळ कुणाचा, असं कुणी कधी विचारलं नाही. सगळे तिथे उतरत, म्हणून तो उताऱ्याचा.

मुंबईच्या शेठने तो माळ इंग्रज सरकारकडून मागितला. लाकडाची मोठी वखार घालायची आणि किनाऱ्याच्या बाजूला मुंबईच्या लोकांना हवा खायला बंगले बांधायचे, असा बेत. बाळ्या तांडेलाने कोळीवाडा उठवला, मग आपले पाडे उठले, मोखाड्याकडून सूर्यमाळचा पुंजा चाळीस माणसं घेऊन उतरला. हरकतीचा अर्ज तू पुण्याहून लिहून धाडलास. शेठच्या जव्हारच्या वखारीत मी त्याची नक्कल वाचली. अक्षर तुझं होतं. वाचताना अभिमान वाटला, पण तोवर माझं काम करून झालं होतं.

ते काम आता लिहितो.

दसऱ्याच्या सुमारास शेठ जव्हारला आले होते. तोवर वखारीत मला सगळे 'ए कारकून' म्हणत. त्या दिवशी शेठ मला रघुनाथराव म्हणाले. समोर खुर्ची दिली. म्हणाले, समुद्रावरची नवी वखार तुम्हीच सांभाळायची, फक्त डोंगरातल्या लोकांचा एक कागद पाहिजे. वामन, तू शिकायला पुण्याला गेलास आणि मी लाकडं मोजत राहिलो, हे मला किती लागलं होतं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या एका खुर्चीवर मी विरघळलो. मला कुणी धाक घातला नव्हता.

कागदाचा मजकूर मीच रचला. 'आम्ही खाली सही-अंगठा करणार लिहून देतो की सदर माळावर आमची कसलीही वहिवाट नाही, आम्ही तेथे उतरत नाही, आमची हरकत नाही.' तो घेऊन मी वांगणीत आलो. आत्याच्या ओसरीवर माणसं जमली. मी कागद समोर धरला आणि भलतंच वाचलं. म्हणालो, शेठच्या रानातून सुकं सरपण आणायला मुभा मिळावी म्हणून हा अर्ज आहे. पाड्यातला लहान्या जरा मागेपुढे करत होता. तेव्हा आत्या म्हणाली, "आपला रघू वाचतो ना, मंग काय बघायचं?" आणि पहिला अंगठा तिने दिला. तिच्या मागून सगळ्यांनी दिले. सूर्यमाळलाही मी तसंच केलं. एकूण त्रेसष्ट अंगठे. शाई पुसायला आत्याने मला स्वतःच्या लुगड्याचा पदर पुढे केला.

पौषात अंमलदार साहेब चौकशीला माळावर आले. तुला कुणी सांगितलं असेल, पण ते दृश्य मला लिहू दे. पाच-सहाशे माणसं वाळूवर बसली होती. कोळणींनी मासळीच्या पाट्या बाजूला ठेवल्या होत्या. आपल्या गाड्या ओळीने सोडलेल्या. आरडाओरडा कुणी करत नव्हतं. बाळ्या तांडेल बोलला, पुंजा बोलला. पुंजाने साहेबाला चालत नेऊन चुलीचे दगड दाखवले, बापजाद्यांपासूनचे, काळे झालेले. साहेब ऐकून घेत होता. मला वाटलं, निकाल लोकांकडे जाणार. खरं सांगतो, मला बरंही वाटलं.

मग शेठच्या वकिलाने तो कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. साहेबाने नाव पुकारलं, कोंडी, राहणार वांगणी. आत्या उठली. साहेबाने कागद तिच्यासमोर धरून विचारलं, हा अंगठा तुझा का? तिने तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "आंगठा माझाच हाय. त्यातला बोल माझा नाय."

साहेबाने विचारलं, मग तुला हा कागद वाचून कुणी दाखवला?

मी शेठच्या खुर्चीमागे दौत-टाक घेऊन बसलो होतो. मधे दहा पावलांचं अंतर असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आई मेल्यावर तिने मला घरात घेतलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तिच्या घरात तुझ्याआधी माझं ताट मांडलं जायचं. तिने नाव घेतलं असतं तर कागद तिथल्या तिथे रद्द झाला असता आणि मला बेड्या पडल्या असत्या.

ती म्हणाली, "आठवत नाय."

साहेबाने पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. साहेब कंटाळला. म्हणाला, ही बाई आज एक बोलते, उद्या दुसरं बोलेल. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही गप्प बसले. पुंजा तेवढा माझ्याकडे बघत राहिला.

मीही गप्प बसलो. उठून दोन शब्द बोललो असतो तर पुरे होतं. साहेब उठून तंबूत जाईपर्यंत मी उठेन, उठेन म्हणत बसून राहिलो.

निकाल शेठच्या बाजूने गेला. त्याची नक्कल बाळ्याने तुला धाडली. त्यात लिहिलं होतं की खुद्द अर्जदाराच्या आईनेच वहिवाट नाकारली आहे. मग तू आईला ते पत्र घातलंस.

ते घेऊन ती फाल्गुनात वांगणीहून चालत जव्हारला आली. वखारीच्या दारात बसली आणि म्हणाली, वामनाचं पत्र आलंय, वाच. मी आधी मनातल्या मनात वाचलं. 'तू आपल्या माणसांना विकलंस. माझी आई असं करील असं मला वाटलं नव्हतं. यापुढे मला पत्र घालू नकोस.' मला दुसरं काही वाचता आलं असतं. तुझा वामन मजेत आहे, परीक्षा जवळ आली आहे. पण तिच्यासमोर पुन्हा एकदा भलतं वाचायची माझी छाती झाली नाही. जसं होतं तसं वाचलं.

ती ऐकत राहिली. शेवटी तिने पत्र मागून घेतलं, घडी केली आणि कनवटीला लावलं. मी म्हणालो, आत्या, मी त्याला खरं लिहितो. ती म्हणाली, "नको. तुमी दोघंच हायसा. मी आज हाय, उद्या नाय. एक लेकरू माझ्यावर रागावलं तरी चालंल, पन तुमी एकमेकांवर नको." मग मला कार्ड घ्यायला लावून म्हणाली, "लिही, आई बरी हाय. खोकला गेला. आंब्याला मोहोर चांगला हाय." मी तेच लिहिलं. ते कार्ड तुला मिळालं असेल. त्याचं उत्तर तू पाठवलं नाहीस, ते बरोबरच होतं.

शिमग्यानंतर माळाला काटेरी तारेचं कुंपण पडलं. विहीर आत गेली. मी नव्या वखारीवर गेलो. फाटकावरची पाटी माझ्याच हाताने लिहिली, 'परवानगीवाचून आत येऊ नये.'

चैत्रात आपल्या गाड्या मिठाला उतरल्या. आत्या होती, सुकरी होती, रामी होती. नेहमीच्या वाटेने आल्या आणि तारेपाशी थांबल्या. ऊन मी म्हणत होतं. पहारेकऱ्याने हटकलं. मी पुढे झालो, म्हणालो, बायकांना पाणी शेंदू दे. तो म्हणाला, "आज आत कुणाला सोडायचं नाही असं तुम्हीच सकाळी सांगितलंत." खरं होतं. शेठचे पाहुणे बंगल्यांची जागा बघायला आले होते. मी दोन हंडे भरून तारेवरून दिले. माणसं तीस-पस्तीस, शिवाय बैल. फाटकाची किल्ली माझ्या कमरेला होती. पाहुणे छत्र्या घेऊन उंडीखाली उभे होते. मी फाटक उघडलं नाही.

त्यांनी खाडीच्या चिखलाला गाड्या सोडल्या आणि सगळे गुरांच्या डबक्यातलं पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर तिघींना ढाळ लागले. रामी वाटेत गेली. आत्या घाटाच्या पायथ्याशी गेली. सुकरी वाचली. झोळी करून गेलेल्या दोघींना वर आणलं. मला निरोप दोन दिवसांनी मिळाला. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि निघालो. तुझं पत्र तिच्या कनवटीला तसंच होतं. काशीने ते काढून ठेवलं आहे, ते तुझं तुला देईन.

दिवसकार्याला दोन्हीकडचे पाडे जमले, पुंजाही सूर्यमाळहून आला होता. जेवणं व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि तुला लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. काशी ऐकता ऐकता उठून आत गेली. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला वाटलं होतं, मारतील. कुणी जागचं हललं नाही. सुकरीने विचारलं, "त्या पाटीवर काय लिवलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग आधीच निरोप धाडायचा होतास, तितलं पानी आता तुमचं नाय म्हनून. आमी आदल्या गावातनं भरून आनलं असतं. तू तर शिमग्यापासनं तितंच होतास."

पुंजा म्हणाला की वरच्या साहेबाकडे दाद मागायला ज्येष्ठाच्या अमावास्येपर्यंत मुदत आहे, कोळ्यांचा अर्ज तयार आहे, आपला करायला हवा. लिहिता येणारा पाड्यात मी एकटाच. शेवटी त्याने मलाच लिहायला सांगितलं. मी ओसरीवर बसून लिहिलं, तीन वेळा वाचून दाखवलं, एकेक ओळ बोट ठेवून. मग दौत पुढे केली. लहान्याने हात मागे घेतला. कुणीच पुढे आलं नाही.

पुंजा म्हणाला, "कागद बरा वाटतो. पन आंगठे वामन येऊन वाचल तवा."

माझा जबाब मी निराळा लिहिला आहे, त्यावर माझी सही आहे. त्याची नक्कल सोबत आहे. उद्या मी तो घेऊन साहेबाकडे जाणार. खटला होईल, कदाचित तुरुंग. कुंपण त्याने निघेल की नाही, सांगता येत नाही. बंगल्यांचे पाये खणून झाले आहेत आणि उंडीची चार झाडं पाडली आहेत. बाळ्या तांडेल म्हणतो, उशीर झाला. तरी त्याने अर्ज मागे घेतलेला नाही.

मी माफी मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची त्यातल्या दोघी आता नाहीत. तुझ्या आईने कुणाला विकलं नाही, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

ज्येष्ठाच्या अमावास्येच्या आत ये. मी घरी असलो तर माझ्याशी बोलायची गरज नाही. कागद फडताळात ठेवला आहे. ओसरीवर बस, सगळ्यांना बोलाव आणि तो मोठ्याने वाच. त्यात काही वावगं दिसलं तर खोड आणि तुझ्या हाताने पुन्हा लिही. माणसं वाट बघतायत.

तुझ्या आईने वाढवलेला,
रघू