पुडीच्या आवाजाचं सोनं

११ एप्रिल, शनि.
शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर साडी अंथरून सौ. सांडगे घालत होती. वाकली, गळ्यातल्या एकदाणीचा दोरा तुटला. एकदाणी तिच्या आईची. पुढच्या शनिवारी आमच्या केतकीचा साखरपुडा. आई रामटेकहून येऊन ती स्वतः नातीच्या गळ्यात घालणार. मणी वेचले, एक कमी. ओले सांडगेही चिवडून पाहिले. आईंना सांगून टाकू म्हटलं. "तुम्ही चूप बसा." बसलो. पण आई मणी जपासारखे बोटांखालून सरकवतात. डोळे मिटूनही कळेल त्यांना.

१२, रवि.
मेहुणा प्रकाश कोराडीहून मेटल डिटेक्टर घेऊन हजर. जुनी नाणी शोधायला घेतलेला. आजवरची प्राप्ती एक नळाची तोटी. प्लॉटभर खिळे, सळयांचे तुकडे, गुटख्याच्या चंदेरी पन्नीच्या पुड्या. पावलागणिक टुणटुण. दुपारी त्याने डिस्क्रिमिनेशन वाढवलं, म्हणजे फालतू धातूंपुरतं यंत्राने मौन पाळायचं. "लोखंड बंद, पन्नी बंद. आता वाजन ते सोनंच, भाऊजी."
"तुले पक्कं माहीत आहे का गा?" सौ.
"व्हिडिओ पाहून राहिलो ना ताई दोन महिन्यांपासून."
दिवसभरात एकच टुण. निष्पत्ती: रुपयाचं नाणं. सौ. जेवली नाही.

१३, सोम.
पेपर तपासताना डोक्यात यंत्र. व्याख्या फार आवळली की जिची व्याख्या करायची तीच वस्तू बाहेर राहते. न्यायशास्त्रात हा दोष, अव्याप्ती. प्रकाशच्या भाषेत "एकदम मस्त सेटिंग". एकदाणीच्या मण्यात आत लाख, वर सोन्याचा नुसता पापुद्रा. मग यंत्राच्या लेखी तो मणी आणि पुडी...
उद्या सुट्टी. प्रकाशला फोन.

१४, मंगळ.
जयंती. रस्ताभर निळे झेंडे, डीजे. हेडफोन लावूनच काम. यंत्राच्या परीक्षेसाठी सौ.कडे उरलेल्यांतला एक मणी मागितला. "आहेत तेही घालवता का?" शेवटी दोऱ्यात ओवला आणि दोरा स्वतः धरून बसली. यंत्र वरून गेलं. चकार शब्द नाही. प्रकाशने पन्नी सुरू केली. वाजलं, आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हुबेहूब पुडीचा. प्रकाशचा चेहरा पाहण्यासारखा. पाहिला, सावकाश.
म्हणजे लोखंड तेवढं बंद, आणि प्रत्येक पुडी उकरायची. तिघांनी उकरल्या. घमेलं भरलं. "मास्तर, प्लॉट घेतला का?" येणारे-जाणारे. ऊन कलताना पार कुंपणाजवळ (साडी झटकली तेव्हा उडाला असणार) पुन्हा तोच पुडीचा आवाज, माझं खुरपं, आणि मणी. किंचित चेपलेला, खुरपं माझंच. सौ. तो मुठीत धरून मातीतच बसली, हसायला लागली. प्रकाश डीजेच्या तालावर नाचला. मी नाचलो नाही, असं लिहिणार होतो.
रात्री ती दोनदा भात वाढून जेवली.

१८, शनि.
आई आल्या. एकदाणी हातात घेतली, मणी सरकवत गेल्या. एका मण्यावर बोट थांबलं.
"हा काहून चेपला वं?"
सौ.ने सगळं सांगितलं, भावाचं सेटिंगही वगळलं नाही. आईंनी ऐकून घेतलं, एकदाणी केतकीच्या गळ्यात घातली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग प्रकाशला, "हे मशीन घेऊन ये गा रामटेकले. पन्नी सुरूच ठेवजो."
"तुझं काय हरवलं, आई?" सौ.
आई चहा फुंकत राहिल्या.