दोन्ही पाय हवेत

प्रिय आर्डिथताई,

धाकट्या भावाचा, म्हणजे वर्लिनचा, तुला नमस्कार (वाकून नव्हे, जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कानावर आलं असेलच). डेलभावजींची कंबर कशी आहे? मक्याला यंदा पाऊस पुरला ना? केन्नाचीही चौकशी केली म्हणून सांग, ती ऐकून घेणार असेल तर.

पत्राला कारण की, नियम बदलला. काल शालेय सॉफ्टबॉलच्या नव्या नियमांचं पुस्तक आलं. आजवर पिचरने चेंडू टाकताना मागचा पाय मातीतून घासत न्यायचा असा दंडक होता. दोन्ही पाय हवेत गेले की तो चेंडू बाद आणि बॅटरला फुकटचा बॉल (असे चार झाले की ती चालत पहिल्या बेसवर). आता उडी मारली तरी चालतं. ते वाचून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. ऑपरेशननंतरही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ताई, गेल्या ऑक्टोबरातला तो सामना मी हौसेने घेतला नव्हता. आपल्या काउंटीत अंपायर उरलेत चार, त्यातल्या एकाला मोतीबिंदू, म्हणून भाचीच्या सामन्याला मामा (दोन्ही शाळांची हरकत नव्हती, तुझीही नव्हती, आठव). शेवटचा डाव, धावा बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, बॅटरचे तीन बॉल झालेले. केन्नाने चेंडू टाकला आणि मला तिचे दोन्ही पाय हवेत दिसले. मी हात वर केला. चौथा बॉल, सगळ्या एकेक बेस पुढे, त्यांची धाव चालत घरी, तुमचा हंगाम संपला. तुमच्या कोचने आरडाओरडा केला तेव्हा मी स्वतः पिचरच्या वर्तुळात जाऊन सगळ्यांना माती दाखवली: पाय घासल्याची रेघ आहे का? नाही. आपल्या आईने आपल्याला पाय जमिनीवर ठेवायला शिकवलं, असंही मी वर म्हणालो. ते म्हणायला नको होतं. केन्ना एवढंच म्हणाली, "मामा, तू माझे पायच बघत बस. चेंडू बघायला कॅचर आहे."

त्यानंतर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्याकडे जेवायचं सोडून मी पेट्रोलपंपावरचं टर्की सँडविच खाल्लं. हिवाळाभर तुझी राजमा-खिम्याची चिली नाही, तिच्याबरोबरचे दालचिनीचे रोल नाहीत. तू सामन्याचा व्हिडिओ पाठवलास, तो मी तत्त्व म्हणून उघडला नाही. पण आता भांडणाचं मूळच उरलं नाही. मी चुकलो नव्हतो, केन्नाही चुकली नव्हती. चुकला होता तो नियम, आणि त्याने ते लेखी कबूल केलं आहे.

तुझा,
वर्लिन

ता. क. शनिवारी शाळेच्या जिममध्ये अंपायरांची बैठक आहे. कोणती उडी चालते (आणि हवेतून उतरून जमिनीला पुन्हा रेटा दिलेला कसा चालत नाही) हे कुणीतरी करून दाखवायला हवं. बाकीच्या तिघांनी माझं नाव सुचवलं. माझा गुडघा तुला ठाऊक आहे. केन्नाला पाठवशील? रोल केले असतील तर तेही.

ता. क. २. पत्र बंद करण्याआधी व्हिडिओ उघडला. रेघ आहे. चांगली वीतभर, स्पष्ट. मग उजवीकडून एक काळा बूट येतो, तिच्यावर उभा राहतो, आणि बुटाचा मालक सगळ्यांना विचारतो की रेघ कुठे आहे. केन्नाला सांग. फक्त तिच्या हातात चेंडू नसताना.