वोनमोबीलमधलं आर्य मौन

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५. संध्याकाळी ७:४०. झिंडेलफिंगेन

ही वही कोणाच्याही वाचण्यासाठी नाही. मराठीत लिहितोय, कारण क्षमाला (बहीण, वय नऊ, जन्मजात हेर) मराठी कळतं पण वाचता येत नाही.

आज जेवणाच्या टेबलावर माझ्या उन्हाळ्याची वाट लावण्यात आली. ९ तारखेपासून योनास आणि वर्गातले चार जण बोडेनझे सरोवराच्या काठी तंबू ठोकणार आहेत. पाच दिवस. लेओनी येणार आहे. तिने मला सरोवरात बोर्डावर उभं राहून वल्हं मारायला शिकवायचं कबूल केलंय. स्वतःहून. म्हणजे योनासने विचारल्यावर, पण लगेच.

आणि पप्पांनी काय केलं? वोनमोबील भाड्याने घेतलं. झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, कपाटाएवढा संडास, सगळं एका गाडीत. नागपूरहून अरुणा आत्या आलीय, तिला खालपासून वरपर्यंत जर्मनी दाखवायची. पार रूगेन बेटापर्यंत, पंधरा दिवस. मी सभ्यपणे सांगितलं की मला पुढच्या शुक्रवारपर्यंत परत आणून सोडा. आई म्हणते मी काटा आपटला. पप्पा ओरडले. कुटुंब म्हणजे कुटुंब, विषय संपला.

पप्पा गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. दाराची फट अर्धा मिलिमीटर जास्त दिसली तर त्यांना झोप लागत नाही. पोटच्या पोराचं वाटोळं झालेलं दिसत नाही.

निर्णय: सूड. पद्धत: मौन. पप्पा माफी मागेपर्यंत तोंडातून एक शब्द काढणार नाही. माझ्या अंदाजाने रविवारी संध्याकाळपर्यंत ते रडकुंडीला येतील. सोमवारी गाडी उलटी फिरेल.

शनिवार, २ ऑगस्ट. दुपारी ३. वुर्झबुर्गच्या अलीकडे, ट्रॅफिक जॅम

मौनाचे सहा तास पूर्ण. जबरदस्त परिणाम. पप्पांनी तीनदा विचारलं, पाणी हवंय का. मी खिडकीबाहेर पाहिलं. चौथ्यांदा विचारलं नाही. घाबरलेत.

पप्पांनी कामांची यादी लॅमिनेट करून आणलीय. टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची पेटी) रिकामी करणं: उज्ज्वल, म्हणजे मी. हेही हिशेबात धरलंय.

रात्री ९

एक छोटीशी अडचण. आत्याला माझं मौन लक्षात आलं. आत्या गेली बावीस वर्षं विपश्यनेची, दहा दिवस पूर्ण मौनाची शिबिरं करते, नागपुरात शिबिरात सेवाही देते. मला दोनदा चल म्हणाली होती, दोन्ही वेळा मी परीक्षेचं कारण दिलं. आज तिने माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, पोट्ट्यानं आर्य मौन धरलं आहे बाप्पा, आणि कोणाला सांगितलं पण नाही.

नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. मी मान हलवली, आडवी. आत्या म्हणाली, पहा, विनय पण आहे.

रविवार, ३ ऑगस्ट. पहाटे ५:५०. वोनमोबीलचा संडास

आत्याने माझ्यासाठी गाडीतच दहा दिवसांचं शिबिर सुरू केलंय. शिबिरात लिहायला मनाई असते. फोनलाही मनाई. म्हणून संडासात लिहितोय.

फोन आत्याच्या पर्समध्ये आहे. काल झोपण्यापूर्वी तिने तळहात पुढे केला, सगळे कौतुकाने बघत होते, मी दिला. दहा दिवसांनी मिळेल, १२ तारखेला. साडेचारला तिने उठवलं. कॅम्पिंगच्या ओल्या गवतावर चटई टाकून आम्ही श्वास बघत बसलो. मला फक्त डास दिसले. आधी पंचशील घेतलं. त्यात खोटं न बोलण्याचंही शील आहे, ते मी तंतोतंत पाळतोय. बोलतच नाहीये.

परिस्थिती माझ्या बाजूने वळतेय. दहा दिवस मौन म्हटल्यावर पप्पांवरचा दबाव उलट वाढेल.

रविवार. संध्याकाळी ६

शिबिरात संध्याकाळचं जेवण नसतं, हे मला माहीत नव्हतं. पाच वाजता एक फळ आणि मुरमुरे. मुरमुरे आत्याने नागपूरहून आणलेत. बाहेर आई ग्रिलवर पनीर भाजतेय. पप्पा सॉसेज. क्षमा दोन्ही खातेय आणि माझ्याकडे बघत हळूहळू चावतेय.

सूड यादी, नवीन नाव: क्षमा.

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ११. कासेलच्या पुढे

आज मास्टरस्ट्रोक. निघताना पप्पा छतावरची खिडकी बंद करायला विसरले. त्यांच्या लॅमिनेट केलेल्या यादीतला मुद्दा नंबर चार! मी पाहिलं. सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मी आता हिशेबी, थंड डोक्याचा माणूस झालोय.

दुपारी २

पाऊस लागला. ती खिडकी माझ्या पलंगावर होती.

गादी ओली, उशी ओली, बोडेनझेसाठी घेतलेली नवी शॉर्ट्स ओली. पप्पांनी स्वतःला खूप दोष दिला, तिथपर्यंत ठीक. पण मग म्हणाले की बघा, पोरगा चूँ करत नाही, मी असतो तर गाडी डोक्यावर घेतली असती. आईने ते नागपूरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. मोठ्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. तो स्पीकरवर सगळ्यांना ऐकवण्यात आला. जय भीम, उज्ज्वल बेटा, घराण्याचं नाव काढलंस.

मंगळवार, ५ ऑगस्ट. सकाळी ९. हार्त्स, कॅम्पिंग

मौन सोडावं असा विचार आला. सत्य लिहितो, इथे कोण बघतंय. पण सोडलं तर पप्पा जिंकले. शिवाय ग्रुपवर आता त्रेचाळीस जण आहेत.

म्हणून अल्टिमेटम तयार केला. चिठ्ठीवर लिहिलं: “शुक्रवारी मला बोडेनझेसाठी परत पाठवा. नाहीतर परिणामांना तयार राहा. उज्ज्वल.” पप्पा गॅसची टाकी बदलत होते, त्यांच्या हातात द्यायला गेलो. मध्येच आत्याने घेतली. उघडली नाही. घडी करून पर्समध्ये, माझ्या फोनशेजारी ठेवली. म्हणाली, मनात जे येतं ते फक्त बघायचं असतं, कोणाला द्यायचं नसतं. शेवटच्या दिवशी परत देईन.

आत्याबद्दल माझं मत बदलत चाललंय. सूड यादीत टाकणार होतो, पण तिने मला दुपारी गुपचूप दुसरी पोळी वाढली.

कॅसेट रिकामी करताना झाकण नीट लावलं नाही. तपशील लिहिणार नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट. दुपारी ४. त्सेले

क्षमाने मला संडासात लिहिताना पकडलं. दार नीट लागत नाही, पप्पा असल्या फटी बघायला असतात पण ही दिसली नाही. तिच्या मागण्या जर्मनमध्ये: माझ्या वाटणीचं केळं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग. दिला. तो तसाही ओला आहे.

मग ती म्हणाली की तिला पप्पांचं एक गुपित माहीत आहे. शुक्रवारचं. माझ्याबद्दलचं. मी फक्त तोंडाने एकदा ‘बिट्टे’, म्हणजे प्लीज, म्हणायचं, ती सगळं सांगेल.

सापळा मी एका सेकंदात ओळखला. मी बोलणार, ती किंचाळत बाहेर जाणार, पप्पा हसणार. मी तिच्याकडे करुणेने पाहिलं. आत्याकडून शिकलोय. ती खांदे उडवून, तुझी मर्जी, असं म्हणून माझं केळं खात निघून गेली.

नऊ वर्षांच्या पोरीला वाटतं मी फसेन.

गुरुवार, ७ ऑगस्ट. संध्याकाळी ६:३०. ल्युबेक

ऐतिहासिक दिवस! पप्पा तुटले!

चहाच्या वेळी पप्पा आणि आत्या झाडामागे जाऊन बराच वेळ बोलत होते. पप्पांनी आत्याला दोनदा काहीतरी विचारलं, आत्याने दोन्ही वेळा ठामपणे आडवी मान हलवली. मग पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. दहावीला पहिला आलो असतो तर कदाचित पाहिलं असतं. आई म्हणाली, अहो, राहू द्या, एवढं चांगलं चाललंय त्याचं. पप्पांनी सुस्कारा टाकला आणि फोन घेऊन लांब गेले. जर्मनमध्ये कोणाशी तरी फार नम्रपणे बोलत होते.

अर्थ उघड आहे. वोनमोबीलवाल्याला फोन केला. उद्या परत. मी जिंकलो.

शॉर्ट्स वाळत घातली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी ११:२०. ल्युबेक, स्टेशनसमोर

बॅग भरून बसलोय. पप्पांनी वोनमोबील दोन जागा अडवून आडवं लावलं. आईचा जीव अर्धा झाला, दंड होईल म्हणून. पप्पा एकटे स्टेशनात गेले. बाराव्या मिनिटाला परत आले. हातात माझ्यासाठी माशाचा पाव होता. आत्याने आठवण करून दिली की शिबिरात मासे चालत नाहीत. क्षमाने खाल्ला.

मग गाडी सुरू झाली. रूगेनच्या दिशेने.

दुपारी १

बहुतेक यू-टर्न पुढे असेल.

रविवार, १० ऑगस्ट. पहाटे ६. रूगेन

यू-टर्न नव्हता.

काल सगळे बोडेनझेला पोचले असतील. माझ्या तंबूतली जागा रिकामी असेल. लेओनी वाट बघत असेल.

सुडाच्या भाषणाचे सात मुद्दे तयार केलेत. पहिला: कुटुंब म्हणजे कैदखाना नाही. सातवा: मी अठरा वर्षांचा झालो की तुम्हाला फक्त दिवाळीला फोन करीन. (आपण दिवाळी तेवढी करत नाही. दुरुस्ती: १४ एप्रिलला.) मंगळवारी मौन सुटेल तेव्हा सगळ्यांसमोर, आत्यासमोर, ग्रुपवर लाइव्ह म्हणणार. पप्पांना कुठे तोंड लपवावं कळणार नाही.

खरं म्हणजे आज चटईवर बसलो तेव्हा शेजारी पप्पाही येऊन बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. आम्ही कधी असे शेजारी काही न बोलता बसलो नव्हतो. मला आवडलं. हे भाषणात घ्यायचं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट. दुपारी ४. रूगेन

क्रमाने लिहितो.

सकाळी मंगल मैत्री झाली. सगळ्यांचं भलं होवो, सगळे सुखी होवोत. आत्याने फोन आणि चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, बोल आता, बाळा. आईने ग्रुपवर व्हिडिओ लावला. मी घसा खाकरला. पहिला मुद्दा जिभेवर आला.

वाऱ्याने चिठ्ठी उडाली. पप्पांनी पायाने दाबून धरली, उचलली, त्यांना वाटलं आत्याचा कागद आहे, आणि वाचली.

ते वोनमोबीलच्या पायरीवर बसले. आईला व्हिडिओ बंद करायला सांगितलं. मग आत जाऊन त्यांची फाइल आणली, ज्यात ते सगळं छापून ठेवतात, आणि एक कागद माझ्या हातात दिला. रेल्वेचं तिकीट. ल्युबेक ते फ्रीडरिक्सहाफेन. शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ११:४०. खिडकीची जागा. तारीख पाहिली. १ ऑगस्टला, रात्री ८:१५ ला काढलेलं. मी या वहीत सूड लिहून उठलो, त्यानंतर अर्ध्या तासाने.

पप्पा म्हणाले की त्या दिवशी ओरडल्यावर त्यांना फार वाईट वाटलं होतं. सरप्राइज द्यायचं होतं. पण माझं मौन बघून गुरुवारी आत्याला विचारलं, आत्या म्हणाली शिबिर अर्धवट सोडायला लावणं पाप आहे. म्हणून योनासच्या आईला फोन करून कळवलं आणि शुक्रवारी स्टेशनात जाऊन तिकीट रद्द केलं. ते म्हणाले, माझं चुकलं, उज्ज्वल, मी तुला विचारायलाच हवं होतं.

माफी. जिच्यासाठी दहा दिवस मुरमुरे खाल्ले, ती. समोर, मोठ्या आवाजात.

सगळे थांबले. सात मुद्दे होते. मला एकही आठवला नाही. मी म्हणालो, पप्पा, जेवायला काय आहे.

आत्या रडली. म्हणाली पहिल्याच शब्दाला बापाचं नाव घेतलं.

संध्याकाळी क्षमाला गाठलं. तिला बुधवारपासून माहीत होतं. माझ्या तोंडावर ती म्हणाली की मी फक्त विचारायचं होतं.

बुधवार, १३ ऑगस्ट. सकाळी १०. परतीच्या वाटेवर

फोन चालू केला. योनासचे एकशे बेचाळीस मेसेज. माझी तंबूतली जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी रुद्रला नेलं. रुद्र कार्ल्सरूहेचा, योनासच्या कोडिंग क्लबमधला. फोटो आहेत. रुद्र बोर्डावर उभा आहे. लेओनीने त्याची कोपरं धरलीयत.

पप्पांनी शरदाच्या सुट्टीत दहा दिवसांच्या शिबिराचा फॉर्म भरला. दोघांचा. मला आधी विचारलं. मी हो म्हणालो, कारण ते फार हळू विचारत होते.

तिकीट या वहीत ठेवलंय.

रुद्रवर सूड घ्यायचाय. सोडणार नाही. पद्धत पक्की ठरलीय: त्याच्याशी एक शब्दही बोलणार नाही.