मुठीतल्या अक्षता

कोपर, रविवार संध्याकाळ

शेजारच्या सुलभाच्या लेकीचं, मीनूचं लग्न, आणि लग्नाचे फोटो मी पहिल्यांदाच काढणार होते. महिनाभर मोबाईलवर बघून शिकले. अंतरपाटासमोर उभी राहिले, तर कुणीतरी मुठीत अक्षता ठेवल्या. सवयीने घेतल्या.

शेवटचं 'सावधान' झालं आणि मी कॅमेरा सोडून अक्षताच टाकल्या! तोवर हार घालूनही झाले. मुख्य फोटोच नाही. सुलभाला काय तोंड दाखवू?

नवरदेवाचा मामा म्हणाला, "मावशी, तुम्ही फोटोवाल्या की वऱ्हाडी?"

मीनू खळखळून हसली. "भटजीकाका, मावशींचा आशीर्वाद झाला. आता फोटोसाठी परत हार घालतो."

आता बघतेय, फोटो छान आलाय. तिच्या केसांत अक्षता अडकल्यात. माझ्याच असतील का?