टेन्शन मला न्हाई, सुनेला हाय

५ डिसेंबर
भालकीच्या डोळ्याच्या डॉक्टरनं आज परत पाठवलं. म्हनला, मोतीबिंदू पिकलाय, पन बीपी चढलाय, उतरल्याबिगर हात लावणार न्हाई. मीठ बंद, टेन्शन बंद, बावीस तारखेला या. म्या म्हनलं, मिठाचं समजलं, पन टेन्शन माझ्याकडं न्हाईच, ते सुनेकडं हाय. रवी, माझा लेक, खाली बघून हासला.

नात चैत्रा कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत मन शिकायलीय. मनाचंबी शिक्षण निघालंय. तिनं ही वही दिली. म्हनली, अज्जी, मनात येतंय ते लिही, हलकं वाटतंय. चौथी सुटल्यापासनं आज लिहायलेय. हलकं काय वाटलं न्हाई, बोट दुखलं.

ठरलं. बावीसपत्तर शांत ऱ्हायचं. सून काय करायलीय ते ह्या डोळ्यानं धड दिसत न्हाई. एकदा दिसाय लागू दे, मग बघते.

७ डिसेंबर, सकाळी
रवीनं बीपीची मशीन आनली. माझा चढलेला. शिवकन्येचा, म्हंजी सुनेचा, बरोबर. परत लावली. परत तसंच. एवढी वर्सं माझ्याजवळ नांदून बाईचा बीपी बरोबर. मशीन खराब हाय.

शेजारच्या चंद्रम्माला लावली. तिचा माझ्यापरास जास्त. मशीन तशी बरी हाय म्हना.

९ डिसेंबर
चैत्रानं फोनवर श्वास शिकवला. नाकानं घ्यायचा, धरायचा, सावकाश सोडायचा. घेतला. धरला. तेवढ्यात दूध करपल्याचा वास. सून माहेरी फोनवर बोलायली. धरलेला समदा श्वास तिच्यावर सुटला.

सोडताना तोंड बंद ठेवायचं हे चैत्रानं सांगितलंच न्हाई. चूक शिकवणारीची.

११ डिसेंबर
डॉक्टरनं फिरायबी सांगितलं होतं. गल्लीतनं एक चक्कर मारली. मल्लप्पाचा पोरगा बंगळूरची नोकरी सोडून आलाय. मला कळलं, मल्लप्पाला अजून न्हाई. बसम्माची सून वेगळी चूल मागायलीय. बसम्माला दोन गोष्टी समजावून सांगितल्या, तिनं दार लावून घेतलं. चांगलं सांगायची सोय ऱ्हायली न्हाई.

घरी येऊन मशीन लावली. सगळ्या गल्लीचा बीपी माझ्या दंडात. उद्यापासनं फिरनं बंद. तब्येतीला बरं न्हाई ते.

१४ डिसेंबर
येळवशीची अमावस्या जवळ आली. त्या दिवशी सगळं घर, पावणेरावळे, शेतात जेवत्यात. आन भज्जी माझी. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंच, समदं एका हंड्यात. ह्या घरात आल्यापासनं दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाई.

आज जेवताना सांगून टाकलं, यंदा भज्जी सून करंल, मला टेन्शन नको. वाटलं, न्हाई न्हाई म्हनत्याल, हातापाया पडत्याल. रवी म्हनला, बरं झालं अव्वा. सून म्हनली, व्हय. नुसतं व्हय.

मला काय वाटलं न्हाई. झोप आली न्हाई ती मच्छरांनी.

१८ डिसेंबर, संध्याकाळी
आज मौन. सून शेंगा सोलायली, बोलले न्हाई. चिंच कमी भिजत घातली, बोलले न्हाई. तांब्या तेवढा आपटला. मग परात. रवी म्हनला, अव्वा, तुझं मौन बसस्टँडपत्तर आइकू जायलंय.

१९ डिसेंबर, येळवस
शेतात कडब्याची कोपी केली होती. पूजा झाली. मग समदे ओलगे ओलगे ओरडत पिकाला नैवेद्य शिंपायला गेले. मला दिसत न्हाई म्हनून कोपीत बसवलं. कोपीत मी आन भज्जीचा हंडा.

चव बघितली. अळणी. माझ्या बीपीपाई सगळ्या गोताला अळणी. पावण्यांनी काय म्हनावं? आंबिलीसाठी मीठ आनलं होतं, त्यातलं मूठभर टाकलं, हलवलं, पळी पदरानं पुसून ठेवली. घराच्या अब्रूसाठी.

मानसं जेवाय बसली. चंद्रम्मा बोटं चाटत म्हनली, निलम्मा, अशी चव तुझ्या हाताला कवा आली न्हाई, सून हुशार निघाली गं. पावणेबी तेच. रवीबी तेच. जीभ वळवळली. पन बोलावं तर मीठ बाहेर येतंय.

गिळलं. वर दोन वाट्या भज्जी गिळली. मग रागानं आनखी एक.

२२ डिसेंबर, दुपारी
डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, माझ्या तोंडाकडं बघितलं, परत बांधला. इचारलं, मीठ खाल्लं का? माझ्या आधी सूनच म्हनली, न्हाई साहेब, येळवशीची भज्जीसुदिक ह्यांच्यासाठी अळणी केली, बसवण्णाशपथ. डॉक्टर म्हनला, मग हे समदं टेन्शनच. आजपासनं एकबी काम, एकबी काळजी ह्यांच्याकडं ठेवू नका. चुलीकडं जाऊच देऊ नका. डोळ्याचं संक्रांतीनंतर बघू.

मीठ खाल्लं म्हनलं असतं तर डोळा लवकर झाला असता. तोंड उघडलं. समदे बघाय लागले. मी नुसती खोकले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
माझी खुर्ची सैपाकघराच्या दाराभाईर टाकलीय. चंद्रम्मा आन बसम्मा आत बसल्यात, भज्जी कशी केली इचारायला. मला नुसते साड्यांचे रंग दिसायल्यात. आइकू मात्र समदं यायलंय.

शिवकन्या सांगायलीय, अक्का, खुबी एकच हाय, मीठ अगदी कमी टाकायचं.

नाकानं श्वास घेतलाय. धरलाय. सोडायचा कवा, ते चैत्राला इचारावं लागंल.