झाकलेली खिरापत

प्रिय धोंडे,

मोठ्या भावानं लिहायचं म्हणून आधी ‘चिरंजीव सौभाग्यवती’ लिहायला घेतलं आणि बोरू तिथंच थांबला. सौभाग्यवती तू आहेसच, नवऱ्याच्या आधी गेलीस. चिरंजीव मात्र खोडावं लागलं. मग म्हटलं, कशाला हवेत ते मायने? घरी हाक मारायचो तेच लिहितो.

तू होतीस तोवर तुला एकही पत्र लिहिलं नाही. कसं लिहिणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि गढीवर आलेला प्रत्येक कागद कारभारीच वाचून दाखवायचे. त्यांच्या तोंडून ‘धोंडे, आपली शेळी व्याली ग’ हे तुला कसं ऐकवायचं, सांग! आता आपल्या मधे कारभारी नाहीत. म्हणून आज भरदुपारी दुकानाची अर्धी फळी लावून लिहायला बसलोय. देवळातल्या पुजारीबुवांनी रोजच्या फुलांच्या बदल्यात अक्षरं शिकवली होती, ती आता कामी आली.

तू गेल्याचं मला कसं कळलं, माहीत आहे? दवंडीनं! सकाळी शेवंतीच्या पाट्या उतरवून बसलो होतो. कापसाच्या बाजाराकडून डफ वाजत आला आणि दवंडीवाला ओरडला, ‘अकोल्याकडच्या गढीच्या राणीसाहेब अन्नपूर्णाबाई वारल्या होऽऽ! आज बाजार बंद!’ गढीचा सगळा कापूस आपल्या अमरावतीच्या अडतीत येतो, म्हणून शेटजींनी हा मान राखला. मी आपला सुईत दोरा ओवत होतो. अन्नपूर्णाबाई कोण, हे ध्यानात यायलाच मला जरा वेळ लागला. तुझं ते नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नव्हतं ग.

आणि त्याच घडीला दुकानापुढे गर्दी झाली. दुखवट्याच्या सभेसाठी सगळ्यांना हार हवे होते. शेटजींचा माणूस म्हणाला, ‘तुयं बरं हाये गा गणपत. बाजार बंद झाला तरी तुया धंदा चालूच!’ मी मान खाली घालून हार ओवत राहिलो. काय सांगणार होतो त्याला? ती माझी बहीण आहे म्हटलं असतं, तर लोक हसले असते. माळ्याची पोर राणी झाली हे तुझ्या लग्नाला आलेल्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते चौघेही आता नाहीत.

संध्याकाळी सभेला गेलो. देवळाच्या मंडपात एक रिकामा चौरंग मांडला होता, त्यावर मीच ओवलेला हार. मी मागं, काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी बसलो. एक जण उठला आणि म्हणाला, राणीसाहेब म्हणजे मूर्तिमंत शांती, त्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही. धोंडे! शेळीनं तुझी ओढणी खाल्ली तेव्हा तू तिला ज्या शिव्या घातल्यास, त्या बडनेऱ्यापर्यंत ऐकू गेल्या असतील. दुसरा म्हणाला, राणीसाहेबांना फुलांची भारी आवड. फुलांची! हार ओवायला बसवलं की शिंका देऊन देऊन आईचा जीव खाणारी तू! मला तिथंच हसू फुटलं. शेजारच्यानं असं पाहिलं, की मी उपरणं तोंडावर धरलं. मग ते उपरणं मला बराच वेळ काढता आलं नाही.

तिसरा जण उठला. म्हणाला, देशमुखांच्या थोर कुळात जन्मलेल्या या साध्वीने दोन्ही कुळांचा उद्धार केला.

ते मला लागलं. थोरल्या राणीसाहेब गेल्या आणि तू गादीशेजारी बसलीस, तेव्हा राजेसाहेबांच्या माणसांनी तुझं माहेरही बदलून टाकलं, हे मला माहीत होतं. राणीला माहेर तोलामोलाचं हवं, म्हणून एका देशमुखांनी तुला लेक मानलं. पण भरल्या सभेत ते ऐकताना वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, की हिचा जन्म आमच्या मळ्यातल्या खोपटात झाला. माझ्या पाठची, हिच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं हिचं नाव धोंडी ठेवलं. दगडाकडं यम कशाला बघतोय, असं आई म्हणायची. ते नाव बदललं आणि यमाला तू दिसलीस. असं मी म्हटलं तर तू रागावशील, पण मला तसंच वाटतं.

तुझं लग्न आठवतं का ग? नवरदेव आलाच नाही, तलवार आली! राजघराण्यात धाकट्या राणीचं लग्न तलवारीशीच लावतात म्हणे. पाटावर तलवार, तिला मुंडावळ्या, आणि तिच्यासमोर तू, चौदा वर्षांची, ओठ दाबून हसू आवरत असलेली. आई बिचारी गोंधळून गेली होती. सोबत आलेल्या शिपायाला तिनं विचारलं, ‘अवो, जावयाले ताट वाढू का नको?’ तो म्हणाला, ‘वाढा.’ तिनं खरंच तलवारीपुढं पुरणपोळीचं ताट वाढलं, वर तुपाची धार धरली. तू माझ्या कानाशी आलीस. ‘भाऊ, थो तं जेवून नाई राहिला. त्याच्या वाटची पोळी मी खाऊ काय?’ आणि खाल्लीस! तुझा नवरा उपाशी ठेवून तू सासरी गेलीस.

त्यानंतर तुझा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. भाऊबीजेला गढीवर यायचो, पण बाहेरच्या ओसरीवर बसायचं. तू आत, पडद्याआड. राणीसाहेबांचा आवाज बाहेर ऐकू येता कामा नये, हा कारभाऱ्यांचा दंडक. मग आपण तो खेळ काढला. म्हणजे तूच काढलास.

लहानपणी आपल्या आळीत पोरींची मातीची भुलाबाई बसायची. गाणी झाली की पोरी झाकलेली खिरापत ओळखायच्या. तू नुसतं नाक वर करून पहिल्या दमात सांगायचीस आणि बाकीच्या पोरी चिडायच्या, ‘हिले नेऊ नका वो, लगेच खेळ मोडते!’ गढीवरही तसंच चालायचं. मी घरून झाकलेली वाटी आणायचो. तुझी दासी सखू ती पडद्यापाशी न्यायची आणि क्षणात परत येऊन सांगायची, ‘बाई म्हणतेत, वाटली डाळ.’ कधी चुकली नाहीस. दर वर्षी एवढंच काय ते आपलं बोलणं. तुझी वहिनी पहिल्या बाळंतपणात गेली, मागोमाग आई गेली, तेव्हापासून वर्षभर मी त्या एका उत्तरावर जगत होतो, हे तुला कधी कळलं का?

आणि गेल्या भाऊबीजेला तू चुकलीस! वाटीत कानोले होते, खोबऱ्याचं सारण भरलेले, वास तर दारापर्यंत येत होता. सखू आली. ‘बाई म्हणतेत, चकल्या.’ मी म्हटलं, नाही. पुन्हा आली. ‘तिळाचे लाडू.’ नाही. ‘शंकरपाळे.’ नाही ग बाई! सखूच्या खेपा चालूच. मला आधी हसू आलं, मग काळजी वाटायला लागली, की हिला पडसं झालंय की काय. शेवटी कारभारी कावले. त्यांनी सखूच्या हातातून वाटी घेतली, झाकण उचललं आणि म्हणाले, ‘अहो, करंज्या तर आहेत!’ खेळ संपला. मी उठलो.

तुझ्यावर राग आहे माझा, पण त्याचा नाही. दहाव्याला तू जे केलंस त्याचा.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. तुला अग्नी कधीच देऊन झाला होता, हे मला समजत होतं. पण निदान दहाव्याला तरी तुझ्या नावानं माहेरचं लुगडं मोर्णा नदीच्या काठावर ठेवावं, एवढंच मनात होतं. बाई जाताना तिच्या अंगावर माहेरचं लुगडं हवं. ते भावानंच न्यायचं. माझ्याकडे होतं. आईनं आपल्या बांधावरच्या कापसाचं सूत कातून ठेवलं होतं, ते कोष्ट्याकडून विणून घेतलं होतं. हिरवं, साध्या काठाचं. येत्या भाऊबीजेसाठी.

पण गाडी कुठं मिळते! दूर कुठल्या मुलखात लढाई लागलीय म्हणे, तिथला कापूस अडला, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आलेत. अमरावतीत चाकाची म्हणून जी वस्तू आहे ती कापूस वाहतेय. माणूस न्यायला कोणी तयार होईना. शेवटी इमामभाई नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानानं मला बोज्यांवर बसू दिलं. वाटेत त्यानं बोचक्याकडं बोट दाखवलं.

‘काय हाये त्यात?’

‘लुगडं. बहिणीसाठी.’

‘लगन हाये काय बहिणीचं?’

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगू?

‘मंग खुश राह्य ना भाऊ! रडून कावून राहिला?’

मूर्तिजापूरच्या पुढं कापसाच्या गाड्यांची ही रांग! एकाचा आस मोडला की मागचे सगळे खोळंबले. मी उतरून चालत सुटलो. तरी दहाव्याच्या सकाळी घाटावर पोचलो तेव्हा लोक परतायला लागले होते.

कारभाऱ्यांनी मला ओळखलं. ‘तू अमरावतीचा फुलवाला ना? हार सकाळीच लागले. उशीर केलास.’

‘माहेरचं लुगडं आणलंय,’ मी म्हणालो.

‘माहेरचं? ते देशमुखांकडून पहिल्याच दिवशी आलं. जरीकाठी होतं.’ मग त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाले, ‘मनाला लावून घेऊ नकोस. बाई तृप्त गेल्या. पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला.’

ठेवल्याबरोबर? धोंडे, मी वाटेत होतो ग! तुला काहीच नको होतं का? थोडं अडून बसायचं! राजेसाहेबांनी हात जोडले असते, भटजींनी दर्भाचा कावळा केला असता, तोवर मी पोचलो असतो. हट्टानं आख्खा दिवस न जेवणारी तू, आणि तिथं कसली एवढी घाई झाली होती?

राजेसाहेब दगडावर बसले होते. त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हातारा माणूस, उघड्या डोक्यानं, लहान पोरासारखा रडत होता. वाटलं, जवळ जावं आणि त्यांना सांगावं, तुमच्या वाटची पुरणपोळी हिनं खाल्ली होती. त्यांना आवडलं असतं. पण मधे शिपाई होते.

मी वळलो तेव्हा सखू मागून आली. तिनं लुगड्याच्या काठावरून हात फिरवला.

‘भाऊ, येक सांगू? त्या दिवशी बाईले पहिल्याच वासाले समजलं होतं. मले म्हणे, सखे, कानोले हायेत. आईसारखेच केले त्यानं. पण तू जाऊन चकल्या म्हण.’

‘कावून?’ मी विचारलं.

‘म्हणे, वळखलं का थो उठून जाते.’

धोंडे, मग मी तिथं काठावरच बसलो.

लुगडं परत घेऊन आलो. आता ते पेटीत आहे. गावात तुझं नाव अजून निघतं. कोणी म्हणतं, घाटावर तुझी दगडी छत्री बांधणार, कोणी म्हणतं, तुझ्या नावानं पाणपोई घालणार. चांगलं आहे. ते ज्या राणीसाठी चाललंय ती मोठी बाई होती. मला तिच्याशी बोलायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तुला धोंडी म्हणणारा दुसरा कोणी उरला नाही, की ज्याच्यापाशी तुझी चहाडी करावी.

म्हणून एक ठरवलंय. यंदा भादव्यात भुलाबाई मी बसवणार. आळी हसेल, बाप्यानं मांडली म्हणेल. हसू दे. मखराला मागून तुझं हिरवं लुगडं लावीन. पोरी येतील, गाणी म्हणतील, त्यांची खिरापत त्या ओळखतील आणि घरी जातील. मग आणखी एक वाटी मी दाराशी झाकून ठेवीन. तू ये. चकल्या म्हण, तिळाचे लाडू म्हण, काय वाट्टेल ते म्हण. मी नाहीच म्हणत राहीन. त्या झाकणाला मी कोणाचा हात लागू देणार नाही, आणि मी उठणार नाही.

तुझा भाऊ,
गणू