पिवळ्या काठावरचे फोटो

॥ श्री ॥
सिल्वासा,
९ फेब्रुवारी १९८८

चि. प्रथमेशला आईचे अनेक आशीर्वाद.

तू मधुकरभाऊंबरोबर पाठवलेला कोरा रोल पोचला. चिठ्ठी नव्हती, तरी पोच कळवते. आमलीच्या स्टुडिओत धुवून बारा फोटो आले, अठ्ठावीस रुपये. पाकीट आधी देवापुढे ठेवलं, मग उघडलं.

तुझा जुना कॅमेरा हल्ली तुझे बाबा वापरतात. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांना दमणगंगेच्या वळणावरचे दोन्ही काठ हवे होते. अलीकडे काळा कातळ, पलीकडे पिवळ्या मातीची उभी भिंत, थरावर थर. एकाच नदीचे म्हणून सांगावं लागतं. उंची कळावी म्हणून शेजारी माणूस उभं करतात म्हणे. "हलू नकोस, आज तू माझी फूटपट्टी," म्हणाले. मी दोन्हीकडे उभी राहिले, हळदी रंगाचं पातळ नेसून.

कातळाच्या फोटोंत मी ठळक आहे. मातीच्या सहा फोटोंत मी नाहीच. एकात पदराचा काठ तेवढा. त्या पिवळ्यात मी त्यांना सापडलेच नसेन.

फोटो हातात घेऊन ते म्हणाले, "बघ, तुझ्या दुप्पट आहे भिंत."

मी हो म्हटलं.

तेव्हापासून एकेक गोष्ट जुळवून पाहते आहे रे. वर्गात ते धडे पाठ म्हणून निभावतात. तुझ्या आत्याची पत्रं मी वाचून दाखवते. डॉक्टरचं नाव काढलं की चष्म्याची काच मळल्येय म्हणतात. एकवीस तारखेच्या रविवारी पुन्हा त्या निसरड्या कातळावर जायचं ठरवलंय.

लग्नाचे फोटो काढणं हा काय धंदा, असं ते तुला बोलले, ते मी विसरले नाही. तूही दोन दिवाळ्या आला नाहीस. पण तुझ्या रोलचा रिकामा डबा ते अजून सदऱ्याच्या खिशात घालून हिंडतात. फोटोत काय नाही ते तूच त्यांना सांगू शकशील. तुझ्या धंद्यातलं आहे, तुझं ऐकतील. मग वलसाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ.

येतोस की नाही, एवढंच उलट टपाली कळव. 'येत नाही' असं लिहायचं असेल तर पाकिटावर माझं नाव घाल. त्यांच्या नावाने आलं तर मलाच वाचायला सांगतील, आणि दुसऱ्यांदा माझ्याने खोटं बोलवणार नाही.

वाट पाहणारी,
आई